व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे हातपाय दुसऱ्यानं हालवले की नक्की काय होतं

आमच्याकडे आयसीयूत भेटायला संध्याकाळी सोडतात आणि त्या वेळी मी बऱ्याचदा कुणाच्या तरी पायाशी उभी असते, टाच हातात घेऊन घोटा हालवत. आत आलेलं घरचं माणूस आधी पेशंटच्या तोंडाकडे बघतं, मग मॉनिटरकडे, आणि मग माझ्या हाताकडे. मागच्या पावसाळ्यात निपाणीला दिलेली एक मुलगी अशीच बराच वेळ बघत उभी राहिली. तिची आई खानापूरकडची, न्यूमोनिया झाला आणि इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणून व्हेंटिलेटरवर, सहावा दिवस असेल. मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाय हालवूलाय, पण आई तर कायच करीना की. अशानं ताकद येईल काय तिच्या पायात?"

मी तिला खरं तेच सांगितलं. ताकद नाही येणार, पण घोटा मोकळा राहील, आणि पुढं ताकद यायला लागेल तेव्हा ती वापरायला घोटा मोकळा लागेल.

हा प्रश्न मला बेळगावात फिजिओथेरपीचं काम करताना इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून लिहावं म्हटलं. कारण दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत, कुणाला वाटतं हा नुसता बिल वाढवायचा प्रकार, नि कुणाला वाटतं जितकं जास्त हालवाल तितकं माणूस लवकर उठेल, म्हणून मग पाच मिनिटाच्या भेटीत घरचे हात ओढायला लागतात.

पॅसिव्ह व्यायाम म्हणजे पेशंटचा स्नायू काही काम करत नाही, हालचाल आपण करून देतो. इकडं सगळ्यांना कळेल असं सांगायचं तर ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकून चार पोरांनी ढकलला की चाकं फिरतात, बेअरिंग गंजत नाही, टायर एकाच बाजूवर दबून बसत नाही, हे सगळं खरं, पण इंजिन चालू झालेलं नसतं, थेंबभर डिझेल जळलेलं नसतं. स्नायूचं इंजिन म्हणजे मेंदूतून निघालेला हुकूम, तो मणक्यातून नसेत, नसेतून स्नायूत पोचला की स्नायू आवळतो, आणि असा आवळला, वजन घेतलं, तरच तो टिकतो नि वाढतो. गुंगीचं औषध चालू असलेल्या माणसात हा हुकूमच निघत नाही. मग मी पाय कितीही हालवला तरी मांडीच्या दृष्टीनं मी ट्रॅक्टर ढकलतेय.

आता व्हेंटिलेटरवर असताना शरीरात काय चाललेलं असतं ते बघू. घरच्यांना वाटतं माणूस झोपून आहे म्हणजे विश्रांती घेतोय, अंगात शक्ती साठतेय. तसं नसतं. अंगात इन्फेक्शन पेटलेलं असतं, आणि शरीर तेव्हा स्वतःचाच स्नायू मोडून त्यातलं प्रोटीन वापरायला काढतं. त्यात हालचाल नाही, नाकातल्या नळीतून जाणारं खाणं सुरुवातीला कमीच पडतं, शुगर वरखाली होते, काहींना स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि फुफ्फुस फारच खराब असेल तर स्नायू पूर्ण ढिले करणारं औषधही. लंडनमधे 63 पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफी करून मोजलं होतं, 2013 साली ते छापून आलं, दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूची जाडी, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, सरासरी 17.7 टक्क्यांनी कमी झालं होतं. दहा दिवसात सहावा हिस्सा गेला. आणि ज्यांचे एकाहून जास्त अवयव बिघडले होते त्यांचं जास्त गेलं.

नुसता स्नायूच नाही, नसाही दुखावतात, आणि दोन्ही मिळून जो अशक्तपणा येतो त्याला आयसीयूतला अशक्तपणा असंच म्हणतात, मोठ्या आजारातून वाचलेल्यांमधे तो खूप दिसतो. तपासायची पद्धत साधी आहे, दोन्ही हातांचे नि पायांचे मिळून बारा स्नायूगट, प्रत्येकाला 0 ते 5 मार्क, एकूण 60, आणि 48 च्या खाली आलं की अशक्तपणा आहे असं धरतात. पण ही परीक्षा द्यायला माणूस जागा पाहिजे, सांगितलेलं ऐकून हात उचलायला पाहिजे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचं काय चाललंय ते आम्हालाही नुसत्या अंदाजानंच कळतं.

आणि श्वासाचा पडदा, डायफ्रॅम, तो तर माझ्या हाताच्या आवाक्यातच नाही. 2008 साली एक अभ्यास आला होता, मेंदू मृत झालेल्या नि अवयवदान करणाऱ्या लोकांचा, व्हेंटिलेटरनं 18 ते 69 तास पूर्ण श्वास दिल्यावर त्यांच्या डायफ्रॅमचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. म्हणून डॉक्टर रोज सकाळी गुंगी कमी करून बघतात, पेशंट स्वतः श्वास ओढतोय का बघतात. घरच्यांना ते बघवत नाही, आई कण्हतेय, हात झाडतेय, "झोपूदे की तिला" म्हणतात. मला त्यांचं दुःख समजतं, पण त्या अर्ध्या तासात डायफ्रॅम जे काम करतो ते दिवसभराच्या माझ्या कुठल्याच व्यायामानं होत नाही.

मग सांध्यांकडे येऊ, कारण पॅसिव्ह व्यायामाचं खरं काम तिथं आहे.

सांधा म्हणजे नुसती दोन हाडं नव्हेत, त्याच्याभोवती एक पिशवी असते, ती दोऱ्यासारख्या तंतूंची बनलेली असते, आणि रोजच्या हालचालीत ते तंतू एकमेकांवरून सरकत राहतात. सांधा एकाच जागी पडून राहिला की तंतू एकमेकांना चिकटायला लागतात, पिशवी आक्रसते. आणि स्नायू ज्या लांबीत ठेवला त्याच लांबीचा होऊन बसतो, आखूड ठेवला की आतले बारीक कप्पेच कमी होतात. त्याला फार दिवस लागत नाहीत. गावाकडे म्हणतात ना "सांधा धरलाय", अगदी तेच. कॅनडात दोन आठवडे किंवा जास्त आयसीयूत राहिलेल्या 155 लोकांचे रेकॉर्ड तपासले होते, 2008 चा अभ्यास, तर त्यातल्या 61 जणांचा, म्हणजे 39 टक्क्यांचा, निदान एक तरी मोठा सांधा आखडलेला होता, आणि 52 जणांचा, म्हणजे 34 टक्क्यांचा, तर कामात अडथळा येईल इतका. सगळ्यात जास्त कोपर, त्याच्याखाली घोटा.

का कोपर नि घोटा, हे बेडपाशी पाच मिनिटं थांबलं तरी दिसतं. सलाईन नीट राहावं, हात लोंबू नये म्हणून हात दुमडून पोटावर ठेवलेला असतो, तासन्‌तास तसाच. आणि पाऊल आपल्या वजनानंच पुढं पडतं, त्यावर चादर ताणून गादीखाली खोचली की ती बोटं आणखी खाली दाबते. पोटरीचा स्नायू आखूड होतो, टाचेची जाड दोरी ताठते, पाऊल पुढं पडलेलं तसंच राहतं.

यात मोठं काय बिघडलं असं वाटेल. पण इकडच्या बायामाणसांचं जगणं उकिडवं बसण्यावर चालतं. चुलीपुढं बसून भाकरी, चिखलात वाकून भाताची लावण, ऊस भांगलणं, बरेच ठिकाणी अजून देशी संडास, आणि लाल बसची ती उंच पहिली पायरी. हे सगळं करायला नडगी पावलाच्या पुढं झुकावी लागते, आणि झुकायला टाच जमिनीवर टेकलेली पाहिजे. घोटा धरला की माणूस चवड्यावर उभं राहतं, मागं पडतं, गुडघा मागं ढकलून चालतं. फुफ्फुस बरं झालं, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि घरी गेल्यावर संडासला बसता येत नाही म्हणून म्हातारं माणूस खाणंपिणंच कमी करतं, हे मी घरोघरी बघितलंय आणि प्रत्येक वेळी मला वाटतं हे टळलं असतं.

तर आम्ही करतो काय. निपाणीच्या त्या मुलीला मी दाखवलं तसंच इथं सांगते. गुडघ्याखाली छोटी उशी. माझ्या उजव्या तळव्यात तिच्या आईची टाच, बोटांनी मागून कप केल्यासारखी धरलेली, आणि माझा मनगटापासून कोपरापर्यंतचा हात तळपायाला टेकलेला, तिच्या बोटांच्या मुळापर्यंत. डावा हात घोट्याच्या वर, पाय सरकू नये म्हणून. मग मी हातानं ढकलत नाही, माझं अंग पुढं झुकवते, अंगाच्या वजनानं पाऊल हळूहळू नडगीकडे येतं. एका जागी ते "आता बास" म्हणतं, हाताला कळतं ते, रबर ताणल्यासारखं लागतं. तिथं थांबायचं, मनात वीस आकडे मोजायचे, सोडायचं. असं पाच ते दहा वेळा. झटका नाही, घाई नाही. टाच खालून ओढली नाही नि नुसती बोटं वर दाबली तर पावलाच्या मधला भाग वाकतो, घोटा तिथंच राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं व्यायाम झाला.

गुडघा नि खुबा एकत्रच, एक हात गुडघ्यामागं एक टाचेखाली, पोटाकडे न्यायचा नि परत सरळ करायचा, सरळ पूर्ण करायचा हे महत्त्वाचं, कारण गुडघ्याखाली उशी दिवसभर राहिली तर गुडघा वाकलेलाच राहतो. मनगट, बोटं, आणि अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधली जागा, ती विसरतात सगळे, ती आखडली की तांब्या धरता येत नाही.

खांद्याबद्दल जरा जास्त सांगते. जाग्या माणसाचा खांदा स्नायूंनी खोबणीत धरून ठेवलेला असतो. गुंगीत स्नायू ढिले, खांदा नुसता लोंबतो. अशा वेळी मनगट धरून हात डोक्यावर नेला तर दंडाचं हाड खोबणीतून सरकतं, मधली मऊ दोरी चिमटते, माणूस तेव्हा बोलत नाही पण जागं झाल्यावर महिनोन्‌महिने खांदा दुखतो. म्हणून एक हात पाठीमागं फऱ्याच्या हाडाखाली घालून ते हाड बरोबर फिरवत दंड उचलायचा, तेही खांद्याच्या उंचीपर्यंत, त्यापुढं नेताना तळवा बाहेर वळवून. आणि पेशंटला बेडवर वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, खाली चादर धरून दोघा-चौघांनी उचलावं.

हे सगळं मिळून वीसेक मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. उरलेले तेवीस तास काय, हा माझ्या मते व्यायामाहून मोठा प्रश्न आहे. वीस मिनिटं घोटा ताणला आणि मग पाऊल परत पडलेलंच ठेवलं तर मिळवलं ते गेलं. म्हणून पावलाला काटकोनात धरणारी पट्टी किंवा नीट घडी घातलेली चादर, टाच मात्र अधांतरी, कारण टाच गादीवर दाबून राहिली की तिथं जखम होते. कोपर थोडा वेळ दुमडलेला, थोडा वेळ सरळ. दर दोन तासांनी कूस बदलणं. हे काम सिस्टर आणि आया करतात, रात्री तीन वाजतासुद्धा करतात, आणि त्यांना कुणी फारसं विचारत नाही म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

हात लावायच्या आधी मी काय बघते ते पण सांगते, म्हणजे घरच्यांना कळेल की आम्ही कधीकधी "आज नको" का म्हणतो. ओठापाशी श्वासाच्या ट्यूबवर ती किती आत आहे त्याचा 21 किंवा 22 असा आकडा असतो, तो कालच्यासारखाच आहे का. व्हेंटिलेटरचा पाईप ओढला जाणार नाही ना. मनगटाच्या रक्तवाहिनीत बीपीची बारीक नळी असेल तर ते मनगट वाकवायचं नाही. जांघेत डायलिसिसची नळी असेल तर त्या बाजूचा खुबा फार दुमडायचा नाही. बीपी टिकवायचं औषध रात्रीतून वाढवत न्यावं लागलं असेल तर थांबायचं. फ्रॅक्चर पक्कं केलेलं नसेल तर तिथं हात नाही. पोटरी एकदम सुजलीय, गरम लागतेय, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, आत रक्ताची गाठ असू शकते. डोक्याला मार लागलेल्या माणसाची मान वळवायची नाही, डोकं मधोमध, बेड तीस डिग्री वर, खुबा फार दुमडायचा नाही, कारण त्यानं मेंदूतला दाब वाढतो. आमच्याकडे हायवेवरचे ॲक्सिडेंट, धारवाड रोड म्हणा कोल्हापूर रोड म्हणा, येतच असतात, त्यामुळे हे रोजचंच. अशा लोकांत आखडलेला सांधा जबरदस्तीनं उघडायचा नाही हे आणखी एक, स्नायूच्या आत नवं हाड तयार व्हायची भीती असते.

आणि करताकरता डोळा मॉनिटरवर. ऑक्सिजन 88 च्या खाली गेला, सरासरी बीपी 65 च्या खाली, नाडी 130 च्या वर किंवा 40 च्या खाली, श्वास मिनिटाला 40 च्या वर, किंवा पेशंट मशीनशी झगडायला लागला, की पाय खाली ठेवायचा आणि सिस्टरना हाक मारायची.

तेल लावू का, मालिश करू का, हे हमखास विचारतात, आणि प्रेमानंच विचारतात, खोबरेल तेलाची बाटली पिशवीत असतेच. पोटऱ्या जोरात चोळू नका, आत गाठ असेल तर ती सुटून फुफ्फुसात जायची भीती असते. आणि हाताला तेल लागलं की सलाईनची, ट्यूबची चिकटपट्टी सुटते. हात हातात घ्या, हळू कुरवाळा, ते चालतं, त्याला कुणी नको म्हणणार नाही.

आता, याचा फायदा सिद्ध झालाय काय? इथं मी प्रामाणिकपणे सांगते, पॅसिव्ह व्यायामानं स्नायू झिजायचा थांबतो असा भक्कम पुरावा नाही. स्वीडनमधे 2012 साली एक छान अभ्यास झाला, सात पेशंट, सगळे गुंगीत व्हेंटिलेटरवर, प्रत्येकाचा एक पाय मशीननं दिवसाला दहा तास हालवला आणि दुसरा तसाच ठेवला. नंतर दोन्ही पायांच्या स्नायूचे तुकडे तपासले. बारीक दोन्ही सारखेच झाले होते, पण हालवलेल्या पायातल्या तंतूंची ताकद, त्यांच्या जाडीच्या हिशोबानं, साधारण 35 टक्के जास्त निघाली. म्हणजे स्नायूला ताण दिल्याचं काहीतरी कळतं खरं. पण ते दिवसाला दहा तास नि मशीननं, आमची वीस मिनिटं म्हणजे ते नव्हे, हे मी स्वतःलाही बजावते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, 2009 चा, 104 पेशंट. त्यात व्हेंटिलेटरवरच्या लोकांची गुंगी दोन्ही गटांत रोज थांबवली, पण एका गटात त्याबरोबर लगेच व्यायाम सुरू केला, जो काहीच करत नाही त्याला पॅसिव्ह, जो ऐकतो त्याला लगेच स्वतः करायला लावायचं, मग बसवायचं, मग उभं करायचं. या गटात घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे 59 टक्के होते, आणि उशिरा सुरू केलेल्या गटात 35 टक्के. लोक हा आकडा पॅसिव्ह व्यायामाच्या खात्यात टाकतात, पण नीट वाचलं तर पॅसिव्ह ही तिथं नुसती पहिली पायरी होती, फायदा मिळाला तो जागं झाल्यावर लवकर स्वतः करायला लावल्याचा.

आणि "जितकं जास्त तितकं चांगलं" म्हणणाऱ्यांसाठी तिसरा, 2022 चा, 750 पेशंटचा. एका गटाला नेहमीच्यापेक्षा बराच जास्त हालचालीचा डोस दिला, दुसऱ्याला त्या हॉस्पिटलात नेहमी देतात तितका, आणि तोही काही कमी नव्हता. सहा महिन्यांनी जगण्यात, घरी राहिलेल्या दिवसांत फरक नाही, उलट नाडी बिघडणं, बीपी हालणं, ऑक्सिजन पडणं असे प्रकार जास्त डोसवाल्यांत 9.2 टक्के आणि दुसऱ्यांत 4.1 टक्के. त्यामुळे शेजारच्या बेडवरच्याला उभं केलं, आमच्यांना का नाही, असं कुणी म्हणालं की मी समजावून सांगते, प्रत्येकाचा दिवस वेगळा येतो.

एका प्रकारच्या पेशंटबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे, कारण आपल्या भागात ते दर पावसाळ्यात येतात. मण्यार चावलेले. खाली अंथरूण टाकून झोपलेला माणूस, रात्री काहीतरी टोचल्यासारखं झालं, सूज नाही, दुखत नाही फारसं, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. मण्यारीचं विष नसेची टोकंच निकामी करतं, तिथून स्नायूला हुकूम जात नाही, आणि एकदा टोकं बिघडली की सापावरचं इंजेक्शन देऊनही ती लगेच सुधरत नाहीत, नवी यायला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर व्हेंटिलेटर श्वास देतो. हा माणूस बघायला मेल्यासारखा, पापणी हालत नाही, बुबुळं मोठी झालेली, बोट उचलत नाही. पण तो आत जागा असू शकतो, सगळं ऐकतो, सगळं त्याला लागतं. त्याच्या पायथ्याशी उभं राहून "आता काय खरं नाही गा" असं कुणी बोललं तर ते त्याच्या कानात जातं.

म्हणून मी गुंगीतल्या काय नि असल्या काय, प्रत्येक पेशंटला हात लावायच्या आधी सांगते. "मामा, मी फिजिओवाली, तुमचा उजवा पाय उचलणार आहे, टाचेला धरते, थोडं ताणल्यासारखं लागेल." नवीन मुलांना हे सुरुवातीला अवघड जातं, बेशुद्ध माणसाशी काय बोलायचं म्हणतात.

भाषेचं पण बघावं लागतं. आमच्या आयसीयूत सिस्टर कुणी कन्नड, कुणी मल्याळी, डॉक्टर एकमेकांत इंग्रजी, आणि पेशंट जांबोटीच्या जंगलापलीकडची आज्जी. शुद्धीत असताना तिला बाजारापुरतं कन्नड येत असेलही, पण गुंगी उतरताना, डोकं गोंधळलेलं असताना, माणसाला पहिली कळते ती घरची बोली. पेशंट जागा झालाय का हे बघायला आम्ही पाच हुकूम वापरतो, डोळे उघडा मिटा, माझ्याकडे बघा, तोंड उघडून जीभ दाखवा, मान हालवा, मी पाच मोजल्यावर भुवया वर करा. सिस्टर "कण्ण तगीरी" म्हणून दोनदा हाक मारतात, काही होत नाही, "ऐकत नाही" असं फाईलला लागतं. मग मुलगी कानाशी जाऊन म्हणते, "आये, डोळे उघड की", आणि पापणी हालते. म्हणून आमच्याकडे बेडच्या कडेला चिठ्ठी लावतो, पाच हुकूम मराठीत, कन्नड अक्षरात लिहून, आणि वर घरात काय हाक मारतात ते नाव. आक्का, तात्या, अण्णा, जे असेल ते.

पाचातले तीन हुकूम ऐकले की माझं काम बदलतं. आता मी हालवायचं नाही, तिनं हालवायचं, मी फक्त वजन धरायचं. हे घरच्यांना कळत नाही, कधी आमच्या लोकांनाही सवयीनं कळत नाही. माझ्या एका जुन्या नोकरीच्या ठिकाणी एक काका चांगले जागे होऊनही चार दिवस त्यांचे पाय दुसरेच कुणीतरी हालवत राहिले, कारण कागदावर पॅसिव्ह लिहिलेलं होतं आणि ते बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मीही त्यात होते. ते चार दिवस काकांचे फुकट गेले.

खानापूरच्या त्या आक्कांचा अकरावा दिवस. मी नेहमीसारखी टाच धरली, पाऊल वर घेतलं, वीस मोजले, सोडायला लागले, आणि सोडताना पाऊल नुसतं पडलं नाही, माझ्या हाताला खालून थोडासा रेटा लागला. इतका बारीक की आधी मला वाटलं मीच हालले. मी हात तसाच ठेवला. "आक्का, परत ढकला बघू मला." काही नाही. परत म्हटलं. मग मोठं बोट नि त्याच्या शेजारचं, दोनच, माझ्या हातावर दाबली गेली नि सुटली.

फाईलमधे पॅसिव्ह खोडून मी आधारानं स्वतः असं लिहिलं, वेळ टाकली. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिला हात धुवायला लावले आणि तिचा तळवा आईच्या पावलाखाली ठेवला, म्हटलं, तू अजिबात ढकलायचं नाही, नुसता हात ठेव आणि सांग तिला. ती खाली वाकून म्हणाली, "आये, ढकल. माझा हात ढकल." आणि दोघी थांबलो.

दहापर्यंत मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब की अजून, तिला वेळ लागतोय.